तुम्ही विचारलंत म्हणून : साठीतल्या पूल खेळाडूंचे सामने कशासाठी पाहायचे?

पूल या खेळावर, म्हणजे क्यू नावाच्या काठीने टेबलावरचे बॉल पॉकेटमध्ये घालण्याच्या बिलियर्ड्ससारख्या खेळावर, मी अधूनमधून लिहितो, त्यामुळे एक प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत सतत विचारला जातो. कधी तो रोखठोक असतो : ‘‘पन्नाशी-साठी ओलांडलेल्या व्यावसायिक खेळाडूंसाठी वेगळी टूर (स्पर्धांची मालिका) काढून काय साधणार? ज्यांचा खेळ उतरला त्यांचे सामने तिकीट काढून कोण पाहणार?’’ कधी त्यात फिलिपिन्सच्या एका दिग्गजाविषयीची हळहळ असते : ‘‘एफ्रेन रेयेसला हरताना आता पाहवत नाही, त्यापेक्षा त्याने थांबलेले बरे.’’ दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे. वय वाढले की खेळ सगळ्या बाजूंनी सारखाच खालावतो, आणि ज्येष्ठांची टूर म्हणजे मुख्य टूरचाच पाणी घातलेला प्रकार, अशी ती समजूत. मला ती पटत नाही. वय पूल खेळाडूकडून काही गोष्टी हिसकावून घेते आणि काहींना फारसा हातही लावत नाही. ज्येष्ठांच्या टूरचे सारे आकर्षण या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींत आहे, आणि टूरचे स्वरूप त्यांच्याभोवती आखले नाही तर विचारणाऱ्यांची शंका खरी ठरेल, हेही मी मान्य करतो.

जाणाऱ्या गोष्टींत सर्वांत आधी नजर जाते. चाळिशी लागली की वाचताना होणारा त्रास सगळ्यांना ठाऊक असतो, पण टेबलावर तो निराळ्या रीतीने छळतो. फटका मारायला वाकलेल्या खेळाडूची हनुवटी क्यूला जवळजवळ टेकलेली असते, चेहरा खाली झुकलेला असतो आणि डोळे भुवयांच्या खालून समोर पाहत असतात. अशा वेळी नेहमीच्या चष्म्यातून नजर काचेच्या मध्यातून न जाता वरच्या कडेतून, पुष्कळदा थेट फ्रेमच्या दांडीवरून जाते. शिवाय पांढरा बॉल हाताच्या अंतरावर आणि ज्याला लागायचे तो रंगीत बॉल दोन मीटर पलीकडे असतो. फटक्यापूर्वीच्या काही क्षणांत नजर या दोन्हींमध्ये पुन्हा पुन्हा ये-जा करते, आणि वयाबरोबर ताठर झालेले भिंग तितक्या लगबगीने फोकस बदलू शकत नाही. वाचनाचा भाग खालच्या बाजूला असलेले चष्मे तर येथे उलटेच पडतात, कारण टेबलावर काम असते ते काचेच्या वरच्या भागाचे. डेनिस टेलर या स्नूकरपटूने डोळ्यांवरून चांगला वर येणारा, मोठ्या काचांचा चष्मा वापरला, तेव्हा लोक त्याला हसले होते. चष्म्याच्या व्यवसायाची माहिती असलेल्या जॅक कार्नेम या माजी खेळाडूने आणि समालोचकाने तो बनवला होता. तोच चष्मा लावून टेलरने 1985 च्या जागतिक अंतिम सामन्यात स्टीव्ह डेव्हिसला अगदी शेवटच्या काळ्या बॉलवर 18-17 असे हरवले. टेलर तेव्हा तिशीतच होता. पण उतारवयातल्या प्रत्येक खेळाडूला पुढे जी अडचण येते, तिचे इतके दर्शनी उदाहरण दुसरे नाही.

नजरेतली ही थोडीशी ढिलाई पूर्वी खपून जात असे, आता जात नाही. पूलच्या बॉलचा व्यास सव्वादोन इंच असतो. साडेचार इंची पॉकेटच्या तोंडाशी दोन बॉल शेजारी ठेवले तर ते जेमतेम मावतात. नाइन-बॉल (पूलचा प्रकार, ज्यात टेबलावरच्या सर्वांत लहान क्रमांकाच्या बॉललाच आधी मारावे लागते) याच्या मोठ्या स्पर्धांनी अलीकडे पॉकेट चार इंचांवर आणले आहे; त्यात दोन बॉल शेजारी बसतच नाहीत. तरुण डोळ्यांसाठी ही कसोटी योग्यच आहे, पण साठीच्या खेळाडूला याच टेबलावर उभे करून त्याच्या लांब पल्ल्याच्या फटक्यांवरून त्याचा खेळ जोखणे म्हणजे त्याची नेमकी दुखरी बाजू निवडणे होय.

ब्रेकविषयी, म्हणजे रचलेले बॉल फोडणाऱ्या पहिल्या फटक्याविषयी, फार लिहायची गरज नाही. ताशी तीस किलोमीटरच्या पुढे पांढरा बॉल फेकायचा आणि तरीही तो टेबलाच्या मध्यावर थांबवायचा, यासाठी पाठ, खांदा आणि पाय एकदम साथ द्यावे लागतात. ती साथ पन्नाशीनंतर कमी होते. स्पर्धेतला एकेक दिवसही लांबलचक असतो : सकाळी सामना, मग तासन्तास वाट पाहणे, मग रात्री पुन्हा सामना, तोही प्रत्येक फटक्यासाठी तीस सेकंदांचे घड्याळ लावून. माझ्या पाहण्यात उत्तम ज्येष्ठ खेळाडू पुष्कळदा हरतात ते दिवसाच्या पहिल्या सामन्यात नव्हे, तर तिसऱ्यात.

उरते काय, हे सांगण्यासाठी रेयेसचाच एक फटका पुरेसा आहे. 1995 मध्ये रीनो येथील स्पर्धेत अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलंडविरुद्ध 12-12 अशी बरोबरी असताना रेयेसपुढे पाच क्रमांकाचा बॉल दुसऱ्या बॉलमागे दडलेला होता. सरळ रस्ता बंद. बहुतेकांनी कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवरून, कसाबसा स्पर्श साधून फाउल टाळला असता आणि पुढचे नशिबावर सोडले असते. रेयेसने पांढरा बॉल दोन कुशनांवरून नागमोडी फिरवला, पाचाला लागला आणि पाच थेट पॉकेटमध्ये गेला. पुढचे बॉल साफ करून त्याने सामना जिंकला. या फटक्याला दंडाची ताकद लागत नाही, सुईच्या टोकाएवढी नजरही लागत नाही. कुशनवर आदळल्यावर कोणत्या वेगाने, किती फिरकीने बॉल कुठल्या कोनात परततो, याचे अंगी मुरलेले ज्ञान लागते. मनिलातल्या काकांच्या पूल हॉलमध्ये लहानपणापासून वाढलेल्या, पॉकेट नसलेल्या टेबलावरचा, क्यूने खेळायचा कॅरमही (आपला बोर्डावरचा नव्हे) खेळलेल्या माणसाकडे ते होते. असे ज्ञान वयाबरोबर झिजत नाही. 2022 मध्ये हनोईच्या आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धेत, वयाच्या 67 व्या वर्षी, रेयेसने याच कुशन-कॅरमच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, ही गोष्ट ‘त्याने थांबावे’ म्हणणारे सहसा विसरतात.

कॅरमचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. बेल्जियमचा रेमंड कुलेमन्स 2001 मध्ये वयाच्या 64 व्या वर्षी थ्री-कुशन या कॅरमच्या प्रकाराचा जगज्जेता झाला. तेथे ना पॉकेटचा अरुंदपणा, ना ब्रेकचा दणका. सारा कारभार कोनांचा आणि वेगाचा. स्नूकरमध्ये फ्रेड डेव्हिसने 1978 साली जागतिक स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली, तोही 64 वर्षांचा असताना, पण त्याच्या पुढे तो जाऊ शकला नाही. नाइन-बॉलमध्ये मर्यादा आणखी अलीकडे येते. 2002 चा जागतिक अंतिम सामना हरलेल्या फिलिपिन्सच्या फ्रान्सिस्को बुस्तामान्तेने 2010 मध्ये दोहा येथे ते विजेतेपद मिळवले, तेव्हा तो शेहेचाळीस वर्षांचा होता, आणि एवढे वय नाइन-बॉलमध्ये अपवादात्मक मानले गेले. या तीन उदाहरणांवरून नियम काढण्याचा हट्ट मी धरणार नाही. पण खेळाच्या प्रकारात ताकद आणि लांबचा नेम यांचा वाटा जितका जास्त, तितके वय लवकर आड येते, एवढे म्हणायला हरकत नसावी.

आता ‘कोण पाहणार?’ या प्रश्नाकडे वळतो. लोक पाहतात, याचा दाखला जुनाच आहे. 14 फेब्रुवारी 1978 रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात विली मॉस्कोनी आणि ‘मिनेसोटा फॅट्स’ या नावाने मिरवणारा रुडॉल्फ वँडरोन यांचा सामना झाला आणि अमेरिकन दूरचित्रवाणीवर तो प्रचंड संख्येने पाहिला गेला. दोघेही साठी उलटलेले. मॉस्कोनी 64 वर्षांचा होता. 1954 मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला त्याने सलग 526 बॉल पॉकेटमध्ये घातले होते आणि तो विक्रम अधिकृतरीत्या त्याच्याच नावावर होता. फॅट्स मात्र विक्रमांपेक्षा बडबडीसाठी प्रसिद्ध. एक सूट घालून, ओठ घट्ट मिटून खेळणारा आणि दुसरा प्रतिस्पर्ध्याच्या फटक्यातही तोंड बंद न ठेवणारा, असे ते दृश्य होते. मॉस्कोनी सहज जिंकला, पण लोकांनी पाहिले ते दोन माणसांमधले अर्ध्या आयुष्याचे भांडण. तरुण खेळाडूंच्या सामन्याला हा पूर्वेतिहास विकत आणता येत नाही. रेयेस आणि स्ट्रिकलंड 1996 मध्ये हाँगकाँगला 120 रॅकपर्यंतचा (डावांपर्यंतचा) सामना तीन दिवस खेळले आणि रेयेस 120-117 ने जिंकला. ते दोघे आजही टेबलाशी आले की त्या तीन रॅकचा फरक त्यांच्याबरोबर येतो.

स्नूकरवाल्यांनी हे लवकर ओळखले. जिमी व्हाइट जागतिक स्पर्धेच्या सहा अंतिम सामन्यांत हरला, त्यांतले पाच 1990 ते 1994 या सलग वर्षांतले. ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धेत मात्र तो अनेकदा जिंकला, आणि 2020 चा अंतिम सामना त्याने केन डोहर्टीविरुद्ध 0-4 अशा पिछाडीवरून 5-4 असा जिंकला, तोही शेफिल्डच्या क्रुसिबल नाट्यगृहात, जेथे त्याने ते सगळे अंतिम सामने गमावले होते. या विजयाला मुख्य विजेतेपदाची किंमत नाही, हे व्हाइटलाही कळते आणि पाहणाऱ्यालाही. तरी तो सामना पाहताना मन गुंतते, आणि त्याचे कारण केवळ जुन्या आठवणी नव्हेत : नऊ फ्रेमचा (डावांचा) छोटा सामना असल्यामुळे दोघेही शेवटपर्यंत थकलेले नव्हते आणि खेळ खरोखर चुरशीचा झाला. स्वरूप खेळाडूंच्या वयाला साजेसे असले की काय होते, ते तेथे दिसले.

पूलमध्ये मात्र पैशाचा प्रश्न फार जुना आहे. गोल्फमध्ये 1978 च्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून सुरुवात होऊन 1980 पर्यंत पन्नाशीपुढच्या खेळाडूंची रीतसर टूर उभी राहिली, कारण गोल्फ खेळणाऱ्या धनिकांना आपल्या तारुण्यातल्या नायकाबरोबर एक फेरी खेळण्यासाठी पैसे मोजायची तयारी होती. पूलच्या प्रेक्षकाकडे तेवढा पैसा नाही, आणि मोठ्या आश्वासनांनी या खेळाने आधीच पोळून घेतले आहे. 2005 मध्ये सुरू झालेल्या इंटरनॅशनल पूल टूरने जुन्या दिग्गजांना परत आणले, पुढल्या वर्षी रीनोतल्या स्पर्धेत रेयेसला पाच लाख डॉलरचे पहिले बक्षीस जाहीर झाले, पण खेळाडूंना पैसे वेळेवर मिळाले नाहीत आणि टूर लवकरच गुंडाळली गेली. ज्यांना निवृत्तिवेतन नाही, ज्यांनी उमेदीच्या वर्षांत पुष्कळसे पैसे पैजेच्या सामन्यांवरच कमावले, अशा खेळाडूंना ज्येष्ठांची टूर हवी असते ती मानासाठी थोडी आणि मिळकतीसाठी जास्त. यात मला काही गैर वाटत नाही. म्हणूनच छोटी पण वेळेवर दिली जाणारी बक्षिसे मला मोठ्या घोषणांपेक्षा मोलाची वाटतात.

मग स्वरूप कसे असावे? माझ्या मते नाइन-बॉल तेथे दुय्यम असावा. मध्यवर्ती खेळ असावा तो वन-पॉकेट, ज्यात प्रत्येक खेळाडूला टेबलाच्या एका टोकाचे एकच कोपऱ्याचे पॉकेट मिळते आणि पंधरांपैकी आठ बॉल त्यातच घालावे लागतात. येथे ब्रेक हळुवार असतो, बॉल प्रतिस्पर्ध्याच्या पॉकेटपासून दूर आणि आपल्या पॉकेटकडे ढकलण्याची कुरघोडी दहा-दहा मिनिटे चालते, आणि बुद्धिबळाच्या डावासारखा एकेक बॉल कुठे उभा आहे याला महत्त्व येते. नवख्या प्रेक्षकाला हे रटाळ वाटते, हे खरे आहे. चांगला समालोचक नसेल तर मलाही वाटते. जोडीला स्ट्रेट पूल (ज्यात कोणताही बॉल आधी सांगून पॉकेटमध्ये घालायचा आणि प्रत्येकाचा एक गुण) ठेवावा, कारण त्यात जवळजवळचे सोपे फटके सलग पन्नास-साठ खेळण्याची शिस्त लागते आणि लांबच्या फटक्याची वेळ पांढऱ्या बॉलवर ताबा असणाऱ्यावर क्वचितच येते. दिवसाला प्रत्येकी एकच सामना आणि साडेचार इंचांचे पॉकेट असावे. हसवणुकीच्या करामती फटक्यांचे कार्यक्रम मात्र मुळीच नकोत. त्यांनी जुन्या खेळाडूंचा सर्कशीतला विदूषक होतो.

वयाची अट पन्नास असावी, चाळीस नव्हे. चाळिशीतला खेळाडू अजून मुख्य टूरवर जिंकत असतो. 2022 मध्ये वयाच्या अडतिसाव्या वर्षी नाइन-बॉलचा जगज्जेता झालेला शेन व्हॅन बोनिंग आता चाळिशी ओलांडून गेला आहे. त्याला ज्येष्ठांत बसवणे हा साठीच्या खेळाडूंवर अन्याय होईल. उलट पन्नाशीपुढच्याला मुख्य टूरवर खेळायचे असेल तर त्याला कोणी अडवू नये. स्ट्रिकलंड 2022 च्या मॉस्कोनी चषकात, म्हणजे अमेरिका आणि युरोप यांच्या सांघिक सामन्यात, अमेरिकेकडून खेळला तेव्हा तो 61 वर्षांचा होता. बोटांना नळ्या बांधून खेळण्याचे, प्रेक्षकांशी हुज्जत घालण्याचे त्याचे प्रताप सगळ्यांना ठाऊक असूनही त्याला संघात घेतले गेले, आणि लोक त्याला पाहायला आले.

एक शेवटचा मुद्दा, जो मला कोणी विचारत नाही पण विचारायला हवा : अशा टूरमध्ये स्त्रिया आणि पुरुष वेगळे कशाला? ब्रेकची ताकद बाजूला काढली की वेगळेपणाचे मोठे कारण उरत नाही. ॲलिसन फिशर 1995 मध्ये स्नूकर सोडून अमेरिकेच्या पूल टूरवर आली आणि महिलांच्या नाइन-बॉलची चार जागतिक विजेतेपदे तिने मिळवली. तीही आता पन्नाशीपुढची आहे. वन-पॉकेटमध्ये जर्मनीच्या राल्फ सूकेटसमोर ती पाच डावांपर्यंतच्या सामन्यात उभी राहिली, तर कोण जिंकेल याचा अंदाज मला करता येत नाही, आणि असा सामना ठरला तर मी तिकीट काढून जाईन.