तुम्ही विचारलेत म्हणून: वॉर्डातली माणसे आणि ‘टीम’

मुंबईतल्या सार्वजनिक रुग्णालयांत मी 31 वर्षे परिचारिका म्हणून काम केले. त्यातली शेवटची 9 वर्षे वॉर्डाची इनचार्ज सिस्टर होते. निवृत्त झाल्यापासून शेजारी, नातेवाईक आणि नव्याने नर्सिंगला जाणाऱ्या मुली मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात: तिथे डॉक्टर सिस्टरवर आणि सिस्टर मामा-मावशींवर, म्हणजे वॉर्डबॉय आणि आयांवर, ओरडताना दिसतात, मग तुम्ही सगळे मिळून काम करता तरी कसे?

प्रश्न रास्त आहे. आरडाओरडा असतो आणि तो मीही केला आहे. पण माझ्या मते खरी अडचण आवाजाची नाही. ‘टीम’ हा शब्द वॉर्डात सगळेच वापरतात आणि प्रत्येकाच्या मनात त्याचा अर्थ वेगळा असतो. निवासी डॉक्टरला विचारले, तर टीम म्हणजे त्याचे युनिट: प्राध्यापक, लेक्चरर, त्याचा सीनियर, तो स्वतः आणि इंटर्न. सिस्टरच्या लेखी टीम म्हणजे तिची पाळी, आणि पाळी संपताना जिला ओव्हर द्यायची, म्हणजे रुग्णांची माहिती सांगून वॉर्ड सोपवायचा, ती पुढची सिस्टर. मामा आणि मावशींना विचारले, तर बहुतेक जण म्हणतात, “आमचं काय सिस्टर, सांगितलं तेवढं करायचं.” म्हणजे रुग्णाला ट्रॉलीवर घेणारा, त्याचे कपडे बदलणारा, त्याचे रक्त प्रयोगशाळेत पोहोचवणारा माणूस स्वतःला कोणत्याच टीममध्ये धरत नाही.

याचा अर्थ मला एका दुपारी कळला. आमच्या वॉर्डातल्या एका वयस्कर रुग्णाला सीटी स्कॅनसाठी न्यायचे होते. डॉक्टरांनी केस पेपरवर लिहिले, मी ऑक्सिजन लावला, बरोबर इंटर्न दिला आणि मामांनी ट्रॉली हलवली. लिफ्टसमोर दहा मिनिटे थांबावे लागले आणि तिथेच सिलिंडर संपला. इंटर्न धावत वॉर्डात आला, आम्ही दुसरा सिलिंडर घेऊन पळालो, रुग्ण सावरला. पण ती चार-पाच मिनिटे मी अजून विसरलेले नाही. डॉक्टर माझ्यावर चिडले आणि मी मामांवर. सिलिंडरवरचा काटा बघणे हे माझे काम होते आणि ते मी केले नव्हते, तरीही चिडले. संध्याकाळी शांत झाल्यावर मामांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “तो सिलिंडर सकाळपासून दोन पेशंटना लावून झाला होता, मला माहीत होतं. पण मला कुणी विचारलं कुठे?”

त्यांच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. सिलिंडरमध्ये किती उरले आहे हे सांगण्याची जागा आपली आहे, असे त्यांना इतक्या वर्षांत कुणी जाणवूच दिले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून मी ओव्हरच्या वेळी मामा-मावशींनाही खाटांमागून फिरायला बोलावू लागले. काही सहकारी सिस्टरना तो वेळेचा अपव्यय वाटला, आणि साठ रुग्णांमागे आम्ही दोघी-तिघी असताना त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. तरीही कोणत्या आजोबांनी रात्री काही खाल्ले नाही, कोणाच्या पाठीवर लाली दिसते आहे, कोणाचे नातेवाईक गावी निघून गेले आहेत, हे आम्हाला मावशींकडून कळू लागले. यातले बरेचसे केस पेपरवर कधीच येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी यादी आणली. चिरा देण्यापूर्वी थिएटरमधल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे, असे तिच्यात आहे. सुरुवातीला अनेकांना हा नुसता औपचारिकपणा वाटला. मला तो वाटत नाही, कारण ज्याने एकदा स्वतःचे नाव मोठ्याने सांगितले आहे, त्याला पुढे “सर, थांबा” म्हणणे थोडे सोपे जाते. कोविडच्या काळात पीपीई किटमुळे कोणाचा चेहरा दिसत नसे, म्हणून आम्ही किटवर मार्करने नावे लिहीत असू. त्वचारोग आणि अस्थिरोग विभागांतले निवासी डॉक्टर तेव्हा कोविड वॉर्डात आले होते, आणि श्वास लागलेल्या माणसाला पालथे कसे झोपवायचे हे ते मावशींच्या बरोबरीने शिकले. त्या महिन्यांत ‘ए मामा’ अशी हाक मी फार कमी वेळा ऐकली.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा रात्रपाळीच्या बहुतेक जणी पोहोचू शकल्या नाहीत. ओव्हर द्यायला समोर कुणी नव्हते, म्हणून दुपारची पाळीच दुसऱ्या दिवसापर्यंत थांबली. संकटात आम्ही एकत्र येतो, याचा दाखला म्हणून लोक असे प्रसंग सांगतात आणि मलाही त्याचा अभिमान आहे. पण रुग्णाचा जीव बहुधा साध्या मंगळवारी, लिफ्टसमोर धोक्यात येतो.

मला आता काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. निवासी डॉक्टर आणि इंटर्न आधीपासूनच ठरावीक काळाने बदलतात, सिस्टरच्याही बदल्या होतात. वॉर्डाची आठवण टिकत होती ती मामा-मावशींकडे. त्यांच्या रिकाम्या झालेल्या अनेक जागांवर आता कंत्राटी माणसे येतात. ती कामाला कमी नाहीत. पण पुढच्या महिन्यात आपण याच वॉर्डात असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो सिस्टरची चूक तिच्या तोंडावर कशी सांगेल? सिलिंडरबद्दल बोलणारे आमचे मामा त्या वॉर्डात 14 वर्षे होते, त्यांची नोकरी कायम होती, आणि तरीही ते बोलले ते मी विचारल्यानंतरच.