कोकमाचा डाग पडलेलं समन्स

कोर्टाचा बेलीफ समन्स घेऊन आला तेव्हा माझे दोन्ही हात कोकमाच्या रसात होते. मे महिना, पावसाच्या आत आमसुलं सुकायला हवीत, अंगणात तट्ट्यावर सालं पसरलेली. पडवीतून बाबा ओरडले, "घेऊ नको गो तो कागद!"

बाबांना तसं वाटणं साहजिक होतं. आमच्या घराला कोर्ट नवीन नाही. खालच्या बागेच्या बांधावरून आजोबांपासून चुलत्यांशी दावा चालू आहे. वहिवाट, तहकुबी, दरखास्त हे शब्द मी लहानपणी उजळणीबरोबर ऐकले. आणि समन्स चुकवत राहिलं की दावा लांबतो, ही बाबांची पक्की समजूत.

बेलीफ मात्र भला माणूस. म्हणाला, "ताई, नाही घेतलंत तर दाराला डकवून जाईन. बजावणी झाली असंच कोर्ट धरू शकतं. मग तुम्ही गैरहजर राहिलात तर एकतर्फी निकाल लागेल." एकतर्फी म्हणजे माझं काहीही न ऐकता. मी पदराला हात पुसले, सही केली. तरी कागदाच्या कोपऱ्यावर लाल डाग उमटलाच.

नवरा मुंबईत, विक्रोळीला. मी मुलाला घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या माहेरी येऊन तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. का आले, ते इथे सांगत बसत नाही. लग्न गावात लागलेलं आणि मीही इथेच राहणारी, म्हणून त्याने अर्ज रत्नागिरीला टाकला. सगळे 'फॅमिली कोर्ट, फॅमिली कोर्ट' म्हणत होते, पण माझ्या कागदावर 'दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर' असं होतं. जिथे वेगळं कौटुंबिक न्यायालय नाही तिथे हे अर्ज याच कोर्टात चालतात, हे कळेपर्यंत मला वाटत होतं की बाबांच्या बांधाचीच केस माझ्या नावावर आली.

पहिल्या पानावर तो 'अर्जदार' आणि मी 'जाबदार'. जाब विचारतात तो गुन्हेगाराला, एवढंच मला ठाऊक. खरं तर अर्जाला उत्तर देणारी बाजू, इतकाच त्याचा अर्थ. खाली हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम ९, 'वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना'. आणि शेवटी विनंती, की जाबदार हिने अर्जदाराकडे नांदावयास जावे असा हुकूम व्हावा.

नांदावयास! मी ते वाचून रडले. वाटलं, याला मी हवी आहे. आईने त्याच रात्री ग्रामदेवीला नारळ बोलला.

वकील मिळाल्या त्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून. बाईला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे मला १५१०० या नंबरवर फोन केल्यावर समजलं. मॅडमनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "तो न्यायला आला होता का? फोन? मुलाच्या शाळेची चौकशी?" नाही. मग त्यांनी सावकाश सांगितलं. कलम ९ चा हुकूम झाला आणि पुढे वर्षभर नवरा-बायको एकत्र आले नाहीत, तर तेवढ्या कारणावर घटस्फोट मागता येतो. दोघांपैकी कुणालाही. म्हणजे नांदायला ये म्हणणारा कागद हीच सोडचिठ्ठीची पहिली पायरी असू शकते. प्रत्येक वेळी असेलच असं नाही, असंही त्या म्हणाल्या. आईला एकच भीती, पोलीस येऊन पोरीला नेतील का? नाही. हुकूम मोडला तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, माणसाला ओढून नांदायला पाठवत नाहीत.

मग कैफियत. आपल्या बोलण्यात कैफियत मांडणे म्हणजे मन मोकळं करणं. मी मुलाच्या चौरेघी वहीत अकरा पानं लिहून नेली. मॅडमनी सगळी वाचली (हे मी विसरणार नाही) आणि त्यातलं जेमतेम एक पान घेतलं. कोर्टातली कैफियत म्हणजे अर्जाला परिच्छेदवार लेखी उत्तर. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायचं, कोर्टाने मुदत वाढवली तर ९० पर्यंत. प्रत्येक परिच्छेदाला 'मान्य आहे' किंवा 'मान्य व कबूल नाही'. आणि जे स्पष्ट नाकारलं नाही, ते कबूल केलं असं धरलं जाऊ शकतं! अर्जाच्या चौथ्या परिच्छेदात त्याने लिहिलं होतं की बाळंतपणाचा सगळा खर्च त्याने केला. माझ्या अकरा पानांत त्यावर एक ओळ नव्हती, कारण मी सासूच्या बोलण्यावरच साडेतीन पानं खर्ची घातली होती. बाळंतपणाला बाबांनी सोसायटीचं कर्ज काढलेलं. त्याची पावती घरी पत्र्याच्या पेटीत सापडली.

त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी शब्द लिहायला लागले. 'निशाणी ५' म्हणजे कोर्टाच्या फायलीतल्या कागदाचा नंबर. 'से' म्हणजे काय ते तीन तारखा कळलं नाही. न्यायाधीश म्हणायचे, "से द्या," आणि मी मॅडमकडे बघायची. दुसऱ्या बाजूच्या अर्जावर आपलं म्हणणं, तोच इंग्रजी शब्द. 'पुरसिस' बाबांना माहीत होता: आम्हाला आणखी पुरावा द्यायचा नाही, अशासारखी गोष्ट कोर्टाला कळवणारा कागद. त्या दिवशी बाबा फार खूश होते.

पण जमिनीच्या कोर्टातली भाषा बाबांनाही दरवेळी पुरली नाही. आम्ही अंतरिम पोटगीचा अर्ज केला, कलम २४ खाली. बाबांना वाटलं, पैसे घेतले म्हणजे घटस्फोट मान्य केला. तसं नसतं. केस चालू असेपर्यंतचा खर्च तो, आणि या कलमाखाली नवरासुद्धा बायकोकडे मागू शकतो. बसथांब्यावर बायका 'मी १२५ टाकलीय' म्हणतात ती पोटगी वेगळी, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालची. ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालंय, बोलण्यात अजून १२५ च आहे.

पोटगीसाठी दोघांनाही मालमत्ता आणि देणी सांगणारं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालापासून. त्यात 'मिळकत' आली आणि मी बिनधास्त आमसुलं-फणसपोळीचे पैसे लिहिले. मॅडम हसल्या. कोर्टात मिळकत म्हणजे घरदार, जमीन. कमाई ती 'उत्पन्न'. कुणीतरी सुचवलं, आमसुलांचं कशाला दाखवतेस? मी दाखवलं. शपथेवर खोटं लिहून उद्या उलटतपासणीत तोंडघशी कोण पडणार?

सगळ्यात जास्त खटकला तो 'ताबा'. आमच्याकडे ताबा बागेचा असतो. पोराला तोच शब्द लावलेला बघून पोटात कालवलं. पण ताबा आणि पालकत्व वेगळं. मूल माझ्याकडे राहिलं म्हणून बाप बाप असण्यातून सुटत नाही, आणि 'भेटीचा हक्क' त्याच्याकडे राहतो. मे महिन्यात आणि गणपतीत तो गावी येतोच, तेव्हाचे दिवस आम्ही लिहून घेतले.

हे ठरलं मध्यस्थीत. मध्यस्थी म्हणजे नांदायला लावणं, असं समजून मी पहिल्या दिवशी ताठ बसले होते. मध्यस्थ निकाल देत नाही, आणि तिथलं बोलणं पुढे पुरावा म्हणून वापरत नाहीत. तिसऱ्या बैठकीत तो पहिल्यांदा खरं बोलला, की त्यालाही संपवायचंच आहे. मग कलम ९ चा अर्ज त्याने काढून घेतला आणि आम्ही दोघांनी मिळून त्याच कायद्याच्या कलम १३ ब खाली परस्पर संमतीने घटस्फोटाचा दिला. त्याला किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं, पण २०१७ च्या निकालाप्रमाणे योग्य प्रकरणात कोर्ट ती अट माफ करू शकतं. आम्हाला वेगळं होऊन तोवर तीन वर्षं उलटली होती, त्यामुळे माफ झाली. माझ्यासाठी पोटगी एकरकमी घेतली. मुलाचा खर्च मात्र महिन्याचा ठेवला. मी म्हणत होते, नको त्याचं काही. मॅडम म्हणाल्या, "तो मुलाचा हक्क आहे, तुमचा नाही. तुम्ही सोडून कसा देणार?"

शेवटच्या तारखेला पुकारा झाला, दहा मिनिटांत सगळं आटोपलं. बाहेर बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "पैसे नाही आले तर दरखास्त लावता येते ना?" येते. दरखास्त म्हणजे झालेला हुकूम अमलात आणून द्या असा अर्ज. हा शब्द बांधाच्या केसमधला जसाच्या तसा चालला.

एक चूक सांगते. न्यायनिर्णय म्हणजे कारणांसकट निकाल, आणि हुकूमनामा म्हणजे त्यातून निघणारा अंतिम हुकूम. दोन्हींच्या शिक्क्याच्या नकला लागतात, आणि एकापेक्षा जास्त. मी एकेकच काढली. बँकेने तीच मागितली, रेशनकार्डासाठीही तीच. म्हणून परवा पुन्हा सकाळच्या एसटीने रत्नागिरीला, नक्कल विभागात. अर्जावर केस नंबर लिहायला वही काढली, तर समोरच्या कारकुनाने मागची पानं बघून विचारलं, "कितवीला आहे मुलगा?"

"दुसरीला," म्हटलं. "शब्द माझे आहेत."