मे महिन्यातला चहा: कर्सियांग ते मार्घेरिटा

दार्जिलिंगला आपली मंडळी जातात ती टायगर हिलचा सूर्योदय, टॉय ट्रेन आणि कांचनजंगा बघायला. चहा घेतात तो निघायच्या आदल्या संध्याकाळी, बाजारातून, घरी वाटायला. मी आणि ताई मात्र या वेळी निव्वळ चहा प्यायलाच गेलो होतो. मेचा शेवट मुद्दाम निवडला होता. त्या सुमारास दार्जिलिंगच्या डोंगरात दुसऱ्या बहराचा, म्हणजे सेकंड फ्लशचा चहा तयार होत असतो आणि खाली आसामातही त्याच बहराची धांदल चालू असते. एकाच प्रवासात दोन्हीकडचा ताजा माल चाखायचा तर हेच दिवस.

ताईचं चहाबद्दलचं मत वर्षानुवर्षं पक्कं आहे. आलं ठेचून, दूध घालून, दोनदा वर येईपर्यंत उकळतो तो चहा, बाकी सगळं फुळकवणी. मला कोऱ्या चहाची आवड आहे, पण ताईला मी कधी चुकीचं म्हटलं नाही, आणि या प्रवासानंतर तर मुळीच म्हणणार नाही. का, ते पुढे येईलच.

बागडोगऱ्याहून रोहिणीच्या रस्त्याने जीप कर्सियांगला चढते. वाटेत एका टपरीवर थांबलो. काचेच्या ग्लासात गरम, गोड, दुधाचा चहा आला आणि ताई खूश झाली. दुकानदारीणबाईंनी डबा उघडून दाखवला, तर आत आपल्याकडे असते तशीच बारीक गोळीदार पूड. खाली तराईच्या सपाटीवरची, सीटीसी, म्हणजे यंत्रात चिरडून गोळी केलेली. डोंगरावरची माणसं रोज पितात ती हीच. दार्जिलिंगचा उंची माल जातो जर्मनीला, जपानला, इंग्लंडला. ज्या उतारावर तो उगवतो तिथल्या टपरीवर तो मिळत नाही, हे समजल्यावर मला वाईट वाटलं. बाईंना त्याचं काही विशेष वाटलं नाही. त्या म्हणाल्या, “त्यात दूध घातलं तर काय उरतं, दिदी?”

कर्सियांगच्या खालच्या अंगाला चहाबागा अक्षरशः रस्त्याच्या काठापासून सुरू होतात. तिथे बागेला ‘कमान’ म्हणतात. मकाईबारीचा 1859 सालचा कारखाना इथलाच. या डोंगरात चहाची सुरुवात त्याच्याही आधीची: 1841 मध्ये डॉ. आर्चिबाल्ड कॅम्पबेल या अधिकाऱ्याने कुमाऊंहून आलेलं चिनी जातीचं बी आपल्या बंगल्याच्या बागेत लावून पाहिलं, आणि ते लागलं. आसामात वाढतो तो मोठ्या पानांचा चहा वेगळा, हा बारीक पानांचा वेगळा. झाड एकाच कुळातलं, पण थंडी सोसणारं, हळू वाढणारं. चवीतला निम्मा फरक तिथूनच सुरू होतो.

आम्हाला एका छोट्या बागेत चाखणीच्या खोलीत बसू दिलं. उत्तरेकडे मोठी खिडकी, कारण उन्हाची थेट तिरीप आली की चहाचा रंग फसवतो. खिडकीखाली लांब ओटा आणि त्यावर पांढऱ्या चिनी मातीची झाकणाची भांडी ओळीने मांडलेली. प्रत्येकात साधारण अडीच ग्रॅम पत्ती, वर उकळतं पाणी, पाच मिनिटं. वेळ भरली की भांडं झाकणासकट वाटीवर आडवं करतात. भांड्याच्या काठाला दाते कोरलेले असतात, त्यांतून चहा वाटीत उतरतो आणि पत्ती आत राहते. मग ती भिजलेली पत्ती उलट्या झाकणावर काढून वाटीमागे ठेवतात. चाखणारे साहेब आधी पत्ती हुंगतात, मग चमचाभर चहा घेऊन असा भुरका मारतात की खोलीभर आवाज घुमावा. चहा हवेसकट टाळ्यावर आणि नाकाच्या मागच्या बाजूला उडाला पाहिजे, तरच वास कळतो. मग पिंकदाणीत थुंकून पुढची वाटी. लहानपणी बशीतून भुरके मारल्याबद्दल आम्ही बोलणी खाल्ली आहेत. इथे तीच कामाची रीत. ताईने पहिल्याच फटक्यात झकास भुरका मारला आणि साहेबांनी मान डोलावली.

समोर चार वाट्या होत्या, चारही त्याच बागेच्या. वेगळा होता तो फक्त महिना.

पहिली मार्चमधली, पहिल्या बहराची. रंग इतका फिका की वाटीचा तळ दिसतो. पण वास! ओल्या हरभऱ्याचे सोलाणे सोलताना येतो तसा हिरवा, कच्चा, आणि त्यामागे कुठल्या तरी पांढऱ्या फुलाचा. जिभेच्या टोकाला झिणझिणी येते, मग तुरटपणा गालांच्या आतून पसरतो. हिवाळाभर झोपलेलं झाड फुटतं तेव्हाची ही पहिली कोवळी पालवी. ती इतकी सुकवतात की पुढे पत्ती पूर्ण काळवंडत नाही, हिरवट झाक राहते. जगात याला वेड्यासारखा भाव मिळतो. ताईने वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, “सुंदर आहे, पण हा चहा नाही.” मी वाद घातला नाही, कारण चहा म्हणून माझ्या जिभेलाही तो थोडा परकाच लागतो. एक वाटी पिऊन मन भरतं.

दुसरी वाटी आठवड्यापूर्वीच भाजून निघालेल्या मालाची. इथे मात्र मी थांबले. तांबूस, मधाळ रंग. तोंडात घेतल्याबरोबर काळ्या द्राक्षाची साल चावल्यावर येतो तो वास, आणि गोडवा घशाशी, गिळून झाल्यावर. तुरटपणा आहे, पण त्याला गोलाई आहे. याला ते मस्कटेल म्हणतात. हा वास काही कोणी वरून घालत नाही, त्याचं कारण साहेबांनी बाहेर नेऊन दाखवलं. झुडपाच्या शेंड्याची काही पानं आकसलेली, कडांना पिवळट. पान उलटं केलं तर मागे इवलेसे हिरवे किडे तुरुतुरु पळाले. तुडतुडे! विदर्भ-मराठवाड्यातल्या कपाशीवाल्या शेतकऱ्याच्या पोटात ज्यांच्या नावाने गोळा येतो, त्याच जातकुळीचे. दुसऱ्या बहराच्या दिवसांत तुडतुडे आणि फुलकिडे कोवळ्या पानांतला रस शोषतात, पानाची वाढ खुंटते, आणि झाड प्रतिकारासाठी काही सुगंधी द्रव्यं तयार करतं. कारखान्यात पान सुकतं, वळलं जातं, तेव्हा तोच वास खुलतो. पीक कमी येतं, पण जे येतं ते सोनं. ज्या बागेत हे किडे मारायची घाई करतात, तिथे हा वास उतरत नाही.

तिसरी वाटी आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातली. रंग दाट, वास बेताचा. पावसात पान भराभर वाढतं आणि पाणचट होतं. ती बहुतेक मिश्रणात जाते. चौथी शरदातली, ऑक्टोबर-नोव्हेंबरची. तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं, पण मला वाटतं की कोऱ्या चहाची सवय नसलेल्या माणसाने सुरुवात हिच्यापासून करावी. तांबडा रंग, मऊ चव, किंचित भाजल्याचा वास, तुरटपणा जवळपास नाही. ताईने हीच वाटी पूर्ण संपवली.

दुपारी उतारावर खुडणीचं काम बघायला गेलो. बायका पाठीवर डोको, म्हणजे बांबूची निमुळती टोपली, पट्टा कपाळावर. दोन पानं आणि एक शेंडा: ‘दुई पात सुइरो’. दोन्ही हात एकाच वेळी चालतात, नजर पुढच्या झुडपावर. एकीने मला खुडून बघायला सांगितलं. देठ नखाने तोडायचा नाही, बोटांनी हलकेच मोडायचा, नाहीतर तिथे पान काळं पडतं. सुमारे साडेचार किलो हिरव्या पानांतून एक किलो चहा निघतो. 2023 मध्ये पश्चिम बंगालात चहाबागेतली रोजची मजुरी 250 रुपये ठरली होती. मस्कटेलचा शंभर ग्रॅमचा चांगला डबा त्याहून बराच महाग पडतो. हे मी डबा विकत घेताना विसरू शकले नाही, आणि विसरू नये असंच मला वाटतं.

घूमला मठाजवळ लोण्याचा तिबेटी चहा प्यायलो. विटेसारख्या दाबलेल्या चहाचा काढा, लोणी, मीठ, सगळं घुसळून. चहा समजून प्यायला तर पहिला घोट अडकतो. थंडीतलं कढण समजून प्यायलो आणि दोघींनीही दुसरा पेला मागितला.

न्यू जलपाईगुडीहून रात्रीच्या गाडीने मरियानी. तिथून जोरहाट जवळच. डोंगर संपलेला, ब्रह्मपुत्रेचं सपाट खोरं, दमट उकाडा, आणि क्षितिजापर्यंत कातरल्यासारखी हिरवी पातळी. मधे सावलीसाठी शिरीषाची झाडं. 1911 पासून चहावर संशोधन करणारी टोकलाई संस्था इथेच आहे. बागांचं घड्याळ अजूनही आपल्या वेळेच्या एक तास पुढे चालतं, कारण सूर्य इथे लवकर उगवतो आणि लवकर मावळतो.

आसामात ताईचा दिवस होता. जोरहाटच्या एका कारखान्यात आम्ही सीटीसीची यंत्रं पाहिली: बारीक दात्यांचे दोन रूळ, एक सावकाश फिरणारा, एक फार वेगात. त्यांच्या मधून पान चिरडलं, फाडलं, वळवलं जातं आणि गोळी होऊन बाहेर पडतं. हे यंत्र 1930 च्या सुमारास आसामातच जन्मलं. गोळीदार पूड क्षणात रंग सोडते, दुधाला पुरून उरते, कमी पुडीत जास्त कप देते. आपला उकळून केलेला चहा उभा आहे तो यावर. चाखणीच्या टेबलावर आधी कोरा आणि मग दूध घातलेला, असे दोन्ही दिले. कोरा असताना तो अंगावर येतो. पण दोन चमचे दूध पडताच लालसर केशरी, चमकदार रंग वर आला आणि चवीत भाजलेल्या धान्याची खमंग गोडी. तेच दूध तिथल्या जुन्या पद्धतीच्या अख्ख्या पत्तीच्या चहात घातलं, तरी तोही डगमगला नाही. दार्जिलिंगच्या मालात घातलं असतं तर तो करडा होऊन मेला असता. टपरीवरच्या बाईंचं म्हणणं शब्दशः खरं होतं. कडकपणा हा गुण आहेच, फक्त तो या पानाचा गुण आहे. त्या डोंगरातल्या पानाकडे तो मागायचा नसतो.

बागेत काम करणाऱ्यांसाठी मोठ्या भांड्यातून कोरा चहा आला, त्यात साखरेऐवजी मीठ. घामाने निथळणाऱ्या अंगाला तो चालतो. आम्हीही घेतला. पहिल्या घोटाला विचित्र, तिसऱ्या घोटाला तहान भागवणारा.

शेवटचा टप्पा तिनसुकियाच्या पुढे मार्घेरिटा. इथे सिंगफो लोकांची वस्ती आहे. आसामातल्या रानटी चहाची ओळख रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला 1823 मध्ये झाली ती सिंगफो प्रमुख बीसा गाम यांच्याकडे. दोघांची गाठ घालून देण्यात मणिराम दिवाण या आसामी उमरावाचा हात होता. मणिराम यांनी पुढे स्वतःच्या बागा काढल्या आणि 1858 मध्ये इंग्रजांनी त्यांना जोरहाटला फाशी दिलं. आसामचा चहा लंडनला पोचण्याच्या कितीतरी आधीपासून सिंगफो घरांत तो उकळत होता.

त्यांचा चहा म्हणजे फालाप. एका घरी आम्हाला तो चुलीवरून उतरवून दाखवला. कोवळी पानं कढईत भाजायची, उन्हात वाळवायची, बांबूच्या नळीत काठीने ठासून भरायची आणि नळी चुलीवरच्या फळीवर धुरात ठेवून द्यायची. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं. आजीबाईंनी दावाने, म्हणजे तिकडच्या कोयत्याने, नळी चिरली, आतून काळा दंडगोल निघाला, त्याची चकती कापली आणि गरम पाण्यात टाकली. रंग पिवळसर सोनेरी. मला वाटलं होतं धुराने तोंड भरेल. पण धूर फक्त नाकाशी, जिभेवर मऊ, गोडसर पाणी, कडवटपणाचा मागमूस नाही. त्याच चकतीवर त्यांनी पुन्हा पुन्हा पाणी ओतलं आणि प्रत्येक वेळी चव थोडी बदलली. दूध, साखर कोणी विचारलंही नाही, ताईनेही नाही. आत्तापर्यंत प्यायलेल्या सगळ्या चहांत मला हा सर्वांत शांत वाटला. मस्कटेलच्या खालोखाल मी याला जागा देईन.

जायचा बेत असेल तर थोडं उपयोगाचं. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत डोंगरातले कारखाने बंद असतात. रविवारी खुडणी नसते, म्हणून सोमवारी कारखान्यात बघायला फारसं काही नसतं; मंगळवारनंतर जा. विकत घेताना पुड्यावर बागेचं नाव आणि बहर लिहिलेला आहे का ते बघा. नुसतं ‘दार्जिलिंग’ लिहिलं असेल, तर चहा मंडळाचं बोधचिन्ह, हातात पानं घेतलेली स्त्री, आहे का ते तपासा. पहिल्या बहराला उकळतं पाणी घालू नका. आधण आल्यावर थोडं थांबून ओता, तीन मिनिटांत गाळा. दुसऱ्या बहराला चार मिनिटं चालतात. फालाप बाजारात क्वचित मिळतो, मार्घेरिटालाच विचारा. आणि आसामची सीटीसी घेणार असाल तर ती पाव किलोच घ्या, ताजी संपवा, पुन्हा मागवा.