एप्रिलमधली नावं

"पेन ठेवून द्या. एप्रिलमध्ये नावं पेन्सिलने लिहायची असतात."

२०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या कोलंबसला, ओहायो स्टेडियममध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा स्प्रिंग गेम, म्हणजे संघातल्या संघात खेळायचा वसंतातला सराव सामना, बघताना शेजारच्या सीटवरचे आजोबा मला असं म्हणाले. मी खेळाडूंच्या यादीत क्वार्टरबॅक (पास फेकून चाल चालवणारा मुख्य खेळाडू) म्हणून ज्युलियन सेयिनचं नाव ठळक गिरवत होतो. त्यांच्या मांडीवरचा कागद खोडून खोडून पातळ झाला होता.

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

त्याच जानेवारीत नोटर डेम विद्यापीठाच्या संघाला ३४-२३ हरवून आपण राष्ट्रीय विजेते झालो होतो. पण ती फायनल जिंकून देणारा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड संघातून गेला होता. बचावाच्या पुढच्या फळीतले चौघेही गेले होते. त्यांच्या जागी कोण, हे वसंतातल्या १५ सरावांवरून कसं ठरवायचं? सरावात क्वार्टरबॅकला पाडायचंच नसतं. समोरचे बचावपटूही आपलेच. पास सुरेख बसला की मी आनंदाने उभा राहायचो आणि लगेच वाटायचं, अरे, आपलाच कॉर्नरबॅक (पास अडवणारा बचावपटू) चुकला की!

पास झेलायला जेरेमाया स्मिथ होता, बचावात केलेब डाउन्स होता. त्यामुळे संघ कोसळेल असं मला अजिबात वाटत नव्हतं. धाकधूक होती ती पुढच्या फळीची. त्या नव्या पोरांना खरी धडक बसणार होती ३० ऑगस्टला, त्याच मैदानावर, टेक्सास विद्यापीठाच्या संघासमोर.

निघताना मी आजोबांना विचारलं, "तुम्ही कोणाला लिहिलंय?"

त्यांनी कागद माझ्याकडे तिरका केला. सेयिनच. पण अगदी फिकट.