क्लॅम्पर्लचे हंटेल आणि गोरबिस : अडीच महिने अडवणाऱ्या एका केबलचा अनुभव

गेम बॉयवरच्या पोकेमॉन सफायर या जुन्या गेममधल्या क्लॅम्पर्ल नावाच्या पोकेमॉनपासून हंटेल आणि गोरबिस ही त्याची दोन्ही पुढची रूपे मिळवायला मला अडीच महिने लागले. त्यांतला प्रत्यक्ष खेळण्यात गेलेला वेळ दोन रविवारांत सहज मावला असता. बाकीचा सगळा काळ एका केबलने खाल्ला. ज्यांच्याकडे जुना गेम बॉय अजून जपून ठेवलेला आहे आणि ज्यांना हाच उद्योग करायचा आहे त्यांनी निदान माझ्यासारखे चुकीच्या टोकाने सुरू करू नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

क्लॅम्पर्ल म्हणजे निळसर शिंपल्यात बसलेला, मोत्यासारखा गुलाबी गोळा. रूबी आणि सफायर हे गेम २००२ मध्ये जपानमध्ये आले तेव्हा तो पहिल्यांदा दिसला आणि राष्ट्रीय पोकेडेक्समध्ये (पोकेमॉनच्या नोंदवहीत) त्याचा क्रमांक ३६६ आहे. मी मूळचा रत्नागिरीचा. मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या तिसऱ्या (खाण्याच्या शिंपल्या) हळूच तोंड उघडतात आणि पाण्याला बोट लागले की मिटतात, हे पाहतच मी लहानाचा मोठा झालो, त्यामुळे शेकडो पोकेमॉनमधून माझा जीव याच्यावर जडला यात नवल नाही. नंतरच्या एका गेममधला पोकेडेक्स सांगतो की हा दिसतो तसा गरीब नाही, मांसाहारी आहे, आणि भक्ष्य शिंपल्यात पकडले की त्याची हालचाल थांबेपर्यंत सोडत नाही. त्याची उंची ०.४ मीटर आणि वजन ५२.५ किलो आहे. त्याच्यापासून होणारा हंटेल २७ किलोचा आणि गोरबिस २२.६ किलोची, म्हणजे दोघांना एका तराजूत घातले तरी ते एकट्या क्लॅम्पर्लपेक्षा हलकेच भरतात. सगळे वजन त्या शिंपल्याचे, आणि तो मागे टाकल्याशिवाय त्याला पुढचे रूप मिळत नाही, ही कल्पना मला अतिशय आवडते.

मात्र सफायरच्या पोकेडेक्समधल्या नोंदीनेच माझी पहिली दिशाभूल केली. शरीर शिंपल्यात मावेनासे झाले की उत्क्रांती जवळ आली असे समजावे, असे तिथे लिहिले आहे. ते वाचून मी माझ्या क्लॅम्पर्लला लढाया देत देत चाळिसाव्या लेव्हलपर्यंत नेले. ते सगळे कष्ट वाया गेले. क्लॅम्पर्ल लेव्हलने बदलतच नाही, शंभराव्या लेव्हललाही नाही. त्याच्याजवळ ‘डीप सी टूथ’ (खोल समुद्रातला दात) देऊन तो दुसऱ्या खेळाडूला ट्रेडमध्ये, म्हणजे अदलाबदलीत, पाठवला तर पलीकडे हंटेल होतो आणि ‘डीप सी स्केल’ (खवला) देऊन पाठवला तर गोरबिस होते. नुसता ट्रेड करून उपयोग नाही आणि नुसती वस्तू देऊनही नाही. २०२१ मध्ये आलेल्या ब्रिलियंट डायमंड आणि शायनिंग पर्ल या गेममध्येसुद्धा ट्रेडची ही अट कायम आहे.

गेममधले टप्पे भराभर उरकले. सातवा बॅज मिळाला आणि स्टीव्हन या पात्राने डाइव्ह (पाण्यात बुडी मारण्याची चाल) दिले की नकाशावरच्या रूट १२४ किंवा १२६ वर पाण्याचा गडद भाग शोधायचा, बुडी मारायची आणि तळाच्या शेवाळात फिरायचे. तिथे सर्वांत जास्त क्लॅम्पर्लच भेटतात आणि पकडायलाही ते अगदी सोपे आहेत. मॉसडीप गावच्या दुकानातला डाइव्ह बॉल (पोकेमॉन पकडायचा चेंडू) पाण्याखाली अधिक चांगला लागू पडतो, पण मला त्याचीही गरज भासली नाही. एकाऐवजी तीन-चार पकडून ठेवावेत, कारण एखादा तरी मूळ रूपातच ठेवावासा वाटतो. पुढे रूट १०८ वरच्या मोडक्या जहाजात पाण्याखालून शिरून स्कॅनर नावाची वस्तू आणायची. तिथल्या बंद खोल्यांच्या किल्ल्या जमिनीवर लपवलेल्या असतात आणि खोलीत पाऊल टाकताक्षणी क्षणभर चमकतात. ती चमक डोळ्यांनी टिपली की काम झाले. स्कॅनर स्लेटपोर्ट शहरातल्या कॅप्टन स्टर्नला दिला की तो बदल्यात दात किंवा खवला यांपैकी एक वस्तू देतो.

या ‘एक’ शब्दावर मी बराच वेळ अडून बसलो. रूबी-सफायरमध्ये एका कॅसेटमध्ये (कार्ट्रिजला आमच्याकडे सगळे कॅसेटच म्हणत) या दोन वस्तूंपैकी एकच मिळते, दुसरी त्या कॅसेटमध्ये पुन्हा कधीही मिळत नाही. दोन्ही हवे असतील तर दोन कॅसेट, दोन खेळाडू आणि त्या दोघांमध्ये आधीच झालेले बोलणे लागते. चिपळूणला असणाऱ्या माझ्या मामेबहिणीकडे रूबी होती आणि सुदैवाने तिचा स्कॅनर तिने अजून स्टर्नला दिलेला नव्हता. आम्ही फोनवर ठरवले की मी दात घ्यायचा आणि तिने खवला. स्टर्नशी बोलण्याआधी हा फोन झालाच पाहिजे, कारण घेऊन सेव्ह केले की निवड बदलता येत नाही.

इथपर्यंत सगळे सुरळीत झाले. पुढचे अडीच महिने आम्ही शेजारी शेजारी कन्सोल ठेवूनसुद्धा एकमेकांपर्यंत पोहोचू शकलो नाही.

माझ्याकडे गेम बॉय ॲडव्हान्स एसपी होता. बहिणीचा जुना गेम बॉय कधीच बंद पडला होता आणि ती तिची कॅसेट डीएस लाइट या नंतरच्या कन्सोलमध्ये घालून खेळत असे. डीएस लाइटमध्ये ॲडव्हान्सच्या कॅसेट व्यवस्थित चालतात, पडदाही उजळ दिसतो, त्यामुळे आम्हा दोघांनाही कसलीच शंका आली नाही. मी पुण्यात एका ऑनलाइन विक्रेत्याकडून लिंक केबल (ट्रेडसाठी दोन कन्सोल जोडणारी तार) मागवली आणि जोडून आलेल्या सुट्टीत ती घेऊन चिपळूणला गेलो. जेवणे आटोपल्यावर आम्ही माजघरात बसलो, मी माझ्या बाजूचे टोक लावले आणि दुसरे टोक तिच्या हातात दिले. तिने डीएस लाइट उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, “दादा, याला केबल लावायला जागाच नाहीये.”

ते अक्षरशः खरे होते. डीएस आणि डीएस लाइट ॲडव्हान्सची कॅसेट चालवतात, पण त्यांना लिंक केबलचे पोर्टच दिलेले नाही आणि डीएसच्या वायरलेसचा ॲडव्हान्सच्या गेमला काही उपयोग होत नाही. म्हणजे ज्या यंत्रावर हा गेम सगळ्यांत छान दिसतो, त्याच यंत्रावर क्लॅम्पर्लची उत्क्रांती मुळीच शक्य नाही. गेम तुम्हाला हे कुठेही सांगत नाही. पोकेमॉन सेंटरच्या वरच्या मजल्यावरची बाई नेहमीसारखी उभी असते आणि तिच्याशी बोलल्यावर ती जोडणीची वाट पाहत राहते. गेम बॉय मायक्रो घेण्याच्या विचारात कुणी असेल तर त्याचे पोर्ट आकाराने वेगळे आहे हेही आत्ताच ध्यानात घ्यावे. साधा ॲडव्हान्स किंवा एसपी, या दोनच यंत्रांवर भिस्त ठेवावी.

दुसरा गेम बॉय मिळवायला तीन आठवडे गेले. शेवटी माझ्या एका सहकाऱ्याच्या माळ्यावर साधा ॲडव्हान्स सापडला. त्याच्या सेलच्या कप्प्यात जुने सेल गळून हिरवी पूड साचली होती. ती कापसाने पुसून, कप्प्यातल्या स्प्रिंगा हलकेच खरवडून त्यात दोन नवे पेन्सिल सेल घातले तेव्हा तो सुरू झाला, आणि त्याचा तो ओळखीचा आवाज ऐकताना मला मनापासून आनंद झाला. बहीण पुण्याला आली, आम्ही पुन्हा जोडणी केली आणि पुन्हा काहीच घडले नाही. दोन्ही पडद्यांवर थांबण्याची सूचना आणि दोघांची बोटे बी बटणावर, अशी संध्याकाळ निघून गेली. आम्ही केबल काढून फुंकर मारून पाहिली, टोकांची अदलाबदल केली, कन्सोल बंद करून पुन्हा सुरू केले, कॅसेटचे पाय खोडरबराने पुसले. काहीही बदलले नाही. त्या रात्री मला वाटले की दोष माझ्या कॅसेटमध्येच असणार, कारण सुरू करताना ती अंतर्गत बॅटरी संपल्याची सूचना दाखवत होती.

याबद्दल विसरण्याआधी सांगतो. त्या सूचनेने घाबरू नये. रूबी-सफायरमधली बॅटरी फक्त घड्याळासाठी असते. ती संपली की बेरी वाढत नाहीत आणि वेळेवर अवलंबून असलेल्या गोष्टी थांबतात, पण तुमचा सेव्ह जात नाही आणि ट्रेडवर तिचा काडीचाही परिणाम होत नाही. मी त्या संशयात एक संपूर्ण आठवडा घालवला आणि त्याचा मला अजून राग येतो.

खरा दोष केबलचा होता. विक्रेत्याने पाठवलेली केबल गेम बॉय कलरची होती. ती ॲडव्हान्सच्या पोर्टात व्यवस्थित बसते, म्हणूनच फसगत होते, पण तिच्यावर ॲडव्हान्सचे गेम एकमेकांशी जोडले जात नाहीत. ॲडव्हान्सची मूळ केबल ओळखायला सोपी आहे. तिचे एक टोक जांभळे आणि लहान असते, दुसरे करड्या रंगाचे आणि मोठे असते, आणि दोहोंच्या मध्ये एक लहान चौकोनी डबी असते, जिच्यात आणखी खेळाडूंची केबल जोडता येते. माझ्या हातातल्या केबलची दोन्ही टोके सारखी होती आणि डबी नव्हती. हे मला पहिल्या दिवशी माहीत असते तर हा लेख लिहिण्याची वेळच आली नसती.

विक्रेत्याला कळवले तर त्याचे उत्तर आले की ही केबल सगळ्या गेम बॉयला चालते. मी छायाचित्रे पाठवली, डबीचा मुद्दा समजावून सांगितला, तरी तेच उत्तर पुन्हा आले. परत घेण्याची मुदत चिपळूणच्या फेरीतच संपून गेली होती, कारण केबल हातात आल्यावर ती लगेच लावून पाहण्यासाठी माझ्याजवळ दुसरे यंत्र नव्हते. असे विक्रेते वस्तूचे नाव लिहितात, पण टोकांचा फोटो देत नाहीत, हे मला फार खटकते. जुन्या यंत्रांचे सुटे भाग घेणारा माणूस आधीच दहा ठिकाणी शोधून दमलेला असतो. त्याला दोन टोकांचा स्वच्छ फोटो दाखवणे हे काही अवघड काम नाही. दुसरी केबल घेताना मी आधी फोटो मागवला, जांभळे टोक आणि डबी डोळ्यांनी पाहिली आणि मगच पैसे दिले. तुम्हीही तसेच करा. वायरलेस ॲडाप्टरच्या जाहिरातीला भुलू नका. तो एमराल्ड, फायररेड आणि लीफग्रीन या गेमना चालतो, रूबी-सफायरला नाही.

त्यानंतरचा ट्रेड काही मिनिटांचा झाला. पार्टीत (सोबत घेतलेल्या संघात) किमान दोन पोकेमॉन असावे लागतात, हे लक्षात ठेवून निघावे. माझ्या क्लॅम्पर्लजवळ दात आणि तिच्या क्लॅम्पर्लजवळ खवला आहे, हे आम्ही दोनदा तपासले. आत जाण्यापूर्वी गेम सेव्ह करायला लावतो. दोघांनी समोरासमोरच्या खुर्च्या घेतल्या आणि क्लॅम्पर्लच्या बदल्यात क्लॅम्पर्ल दिला. इकडे माझ्या पडद्यावर तिचा क्लॅम्पर्ल येऊन पोहोचला, उजेडात विरघळला आणि लांबसडक, गुलाबी गोरबिस उभी राहिली. त्याच वेळी समोरून बहीण जवळजवळ ओरडलीच, “दादा, हंटेल!” एकाच ट्रेडमध्ये दोन्ही उत्क्रांत्या झाल्या होत्या. मग आम्ही लगेच दुसरा ट्रेड करून आपापले परत घेतले, म्हणजे दोघांच्याही पोकेडेक्समध्ये ३६७ आणि ३६८ हे दोन्ही क्रमांक भरले. ट्रेडमधली उत्क्रांती बी बटणाने थांबवता येत नाही आणि दिलेली वस्तू त्यात खर्च होऊन जाते, त्यामुळे नक्की कोणाला काय द्यायचे आहे हे खुर्चीवर बसण्याआधी ठरलेले असावे.

ज्यांच्याकडे थ्रीडीएस या नंतरच्या कन्सोलवरचा ओमेगा रूबी किंवा अल्फा सफायर (याच गेमच्या नव्या आवृत्त्या) आहे त्यांनाही ट्रेड करावाच लागतो. त्या यंत्राची ऑनलाइन सेवा एप्रिल २०२४ मध्ये बंद झाल्यामुळे आता तिथेही दुसरा खेळाडू प्रत्यक्ष शेजारी बसलेला हवा. मात्र केबलची कटकट नाही आणि दुसऱ्या वस्तूसाठी दुसऱ्या खेळाडूवर विसंबावे लागत नाही, कारण रानातला कारवान्हा हा पोकेमॉन कधीकधी दात आणि चिंचू हा पोकेमॉन कधीकधी खवला बाळगून असतो. पोकेमॉन गोमध्ये पन्नास कँडी देऊन काम होते, पण दोहोंपैकी काय होईल हे आपल्या हातात नसते, आणि एवढी वाट पाहिल्यावर माझ्या क्लॅम्पर्लचे काय व्हावे हे मला दैवावर सोडायचे नव्हते.

जांभळ्या टोकाची केबल सध्या बहिणीकडे चिपळूणला आहे. सहकाऱ्याने त्याचा गेम बॉय आम्हाला कायमचा देऊन टाकला, तोही तिच्याकडेच आहे, त्याच्या कप्प्यातले सेल मात्र मी आठवणीने काढून ठेवायला सांगितले आहेत. गणपतीला मी गावी जाईन तेव्हा चिपळूणला उतरणार आहे. तिच्या रूबीतला मॉवाइल मला हवा आहे आणि माझ्या सफायरमधला सेबलाय तिला.