चूक सुधारायची नाही: आमची वाटचाल

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या दोन खोल्यांत आम्ही जुन्या वास्तुचित्रांच्या हाताने रंगवलेल्या प्रतिकृती करतो. सुरुवात छापील चित्रांपासून झाली. थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांची १७९५ ते १८०८ या काळात निघालेली १४४ ॲक्वाटिंट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं, आहेत. त्यांतले किल्ले, घाट, देवळं लोक दिवाणखान्यासाठी मागायचे.

पहिली चूक रंगांच्या क्रमात झाली. मूळ चित्रात छाया-प्रकाश तांब्याच्या पत्र्यावरून शाईत उतरलेला असतो आणि जलरंग नंतर हाताने भरलेला असतो. आम्ही एकदम रंगातच सावली धरायला गेलो आणि भिंती मळकट दिसायला लागल्या. आता ३०० जीएसएमच्या जाड सुती कागदावर आधी पक्क्या तपकिरी शाईच्या पाच छटांत अख्खी इमारत उभी करतो आणि ती पूर्ण वाळल्यावर वरून पारदर्शक रंग देतो. शाई पक्की नसेल तर पहिल्याच वॉशला, म्हणजे पाणीदार रंगाच्या हाताला, छज्ज्याखालची सावली ओघळून कमानीत उतरते.

आकाशाचं तंत्र बडोद्याच्या हवेवर ठरतं. मे महिन्यात वॉश अर्ध्यावर येईतो वरची कड वाळते आणि आडवी रेघ राहते. म्हणून आकाश सकाळी नऊच्या आत, पंखा बंद, फळा साधारण १५ अंश कलता. पाण्यात ग्लिसरिनचे दोन थेंब टाकले की वेळ मिळतो, पण पावसाळ्यात तेच दोन थेंब कागद चिकट ठेवतात. जुलै-ऑगस्टात आम्ही मोठी आकाशं घेतच नाही.

पुढे भिंतीवरच्या चित्रांसारखी कामं यायला लागली. गावात तांबेकर वाडा असताना ती येणारच. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या वाड्यातल्या रंगवलेल्या भिंती पाहिलेला माणूस घरासाठी तसं काहीतरी मागतोच. वाडा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तिपाई लावून फोटो घ्यायचा तर आधी परवानगी. फोटो भिंतीच्या बरोबर समोरून हवा. कॅमेरा जरा वर वळला की खांब आत झुकतात, आणि ती झुक पुढे ग्रिडमधून, म्हणजे चित्र मोठं करायला आखलेल्या चौकोनांच्या जाळीतून, फळीवर जशीच्या तशी येते.

भिंतीच्या कामासाठी कागद चालत नाही. १२ मिमीचा मरीन प्लाय घेतो. एमडीएफची कड दमट हवेत फुगते. अस्तरासाठी १ लिटर पाण्यात ७० ग्रॅम सरस रात्रभर भिजवायचा आणि गरम पाण्यात भांडं ठेवून विरघळवायचा. उकळला की त्याची पकड गेली. मग खडूची पूड चाळणीतून हळूहळू सोडायची, जोरात घोटायची नाही. घोटलं की बुडबुडे, आणि बुडबुड्यांची वाळल्यावर सुईएवढी भोकं. आठ पातळ हात, एक उभा एक आडवा. सरस जास्त झाला तर अस्तर तडकतं, कमी झाला तर बोटाला पांढरं लागतं. आणि मागच्या बाजूलाही तेवढेच हात, नाहीतर फळी महिन्याभरात पापडासारखी वळते. मागची बाजू कुणाला दिसत नाही, म्हणून घाईत हीच सुटते.

ग्रिड फोटोवर १ सेंमीची, फळीवर ५ सेंमीची. आखून झाल्यावर दोन्ही कर्ण मोजतो. २ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर सगळं पुसून परत. खिडक्यांच्या जागी चौकोनांत आणखी लहान पोटघरं पाडतो, मोकळ्या भिंतीला त्याची गरज नसते.

आणि इथेच खरी अडचण येते. विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीमुळे या गावात चांगल्या हातांची वाण नाही. पण शिकलेला हात सुधारणा करतो. अलीकडच्या एका फळीवरचं गवाक्ष घ्या: रुंदी ३४ मिमी, चार खांब, तीन कमानी, वर छज्जा. मुळात डावी कमान उजवीपेक्षा अरुंद, छज्जा समोरून काढलेला आणि त्याखालचा कट्टा वरून दिसणारा. पहिल्या कारागिराने तिन्ही कमानी सारख्या केल्या आणि कट्ट्याच्या रेषा एका बिंदूकडे नेल्या. गवाक्ष बिनचूक झालं आणि वाड्यातलं वाटेना. खरवडून अस्तराचे तीन हात नव्याने दिले, तीन दिवस गेले. आता रंग लावण्याआधी मुळातल्या ‘चुकांची’ यादी फळीच्या कडेला पेन्सिलीने लिहितो.

रेघेचंही तेच. रूलिंग पेनची रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची, मेलेली. ब्रशची रेघ मध्ये भरते, टोकाला निमुळती होते. म्हणून पट्टी कडेवर तिरकी धरून शून्य नंबरचा ब्रश तिच्या आधाराने ओढतो, पाटी रंगवणारे ओढतात तसा.

गेरू, हिरमिजी, पिवळी माती, काजळी, नीळ एवढ्यावर बहुतेक काम भागतं. हरताळ आम्ही वापरत नाही, त्यात आर्सेनिक असतं. तो पिवळा तयार रंगांतून जुळवतो. नमुना ओला असताना जुळवून उपयोग नाही. गवाशमधला, म्हणजे अपारदर्शक जलरंगातला, फिका रंग वाळल्यावर गडद होतो, गडद रंग फिका पडतो. जुळणी वाळलेल्या पट्टीवर आणि खिडकीच्या उजेडातच. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन हिरवे बाहेर नेल्यावर वेगळे निघालेत.

दर आधी चौरस फुटावर होता. त्यात आकाशाचं चित्र आणि हवेलीचा दर्शनी भाग एकाच भावात जायचे. आता खांब आणि खिडक्या मोजून दर सांगतो. गिऱ्हाईक आधी हसतं, मग स्वतःच मोजायला लागतं.

कीर्तिमंदिरातल्या, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकातल्या, रंगवलेल्या भिंतींची मागणी दर दोन महिन्यांनी येते. त्या नंदलाल बोसांच्या. ते १९६६ साली गेले, आणि कॉपीराइट कायद्याची साठ वर्षं पुढच्या वर्षापासून मोजतात. म्हणून २०२६ संपेपर्यंत नाही म्हणतो.

प्रत्येक प्रतिकृतीचं माप मुळापेक्षा मुद्दाम किमान दहा टक्के लहान किंवा मोठं ठेवतो. मागे ‘प्रतिकृती’ हा शब्द, साल आणि आमचं नाव प्लायवर तापल्या सळईने डागतो. कागदी लेबल सोलून निघतं. परदेशी पाठवायचं असेल तर वस्तू पुराणवस्तू नसल्याचं पुरातत्त्व खात्याचं प्रमाणपत्र आधी काढून घ्यावं, कारण जुन्या धाटणीचं काही दिसलं की कस्टमवाले पेटी अडवू शकतात आणि दमट गोदामात पडून राहिलेल्या अस्तराला बुरशी धरते.