मावशीची तिसरी पायरी

वडाळ्याला मावशीकडे गेलो की आमचा ठरलेला विषय म्हणजे बिल्डिंगची पायरी. लहानपणी कंपाउंडमधून जिन्यात यायला दोन पायऱ्या होत्या, मग सोसायटीने खाली तिसरी बांधली आणि आता तिच्याही खाली वीतभर पोकळी पडलीय. मावशीचं ठाम मत, बिल्डिंग वर येतेय. म्हटलं अगं, बिल्डिंग पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल गेलेल्या खांबांवर उभीये, पाइल थेट खडकात, ती जागची हलत नाहीये, बसतंय ते कंपाउंड, कारण खाली खाडीचा गाळ आणि त्याच्यावर भराव.

"चाळीस वर्षं झाली की रे. अजून बसतंच आहे?"

प्रश्न एकदम बरोबर, आणि तो गणितात बसवला कार्ल टेर्झागी या इंजिनिअरने, माझा कॉलेजपासूनचा हिरो. 1883 ला प्रागमध्ये जन्म, शिक्षण मेकॅनिकलचं (हो, मेकॅनिकलचं!), पहिल्या महायुद्धात 1916 ला इस्तंबूलला शिकवायला गेला आणि युद्धानंतर तिथल्याच रॉबर्ट कॉलेजात ना धड लॅब ना पैसे, तर पठ्ठ्याने सिगारचे डबे आणि भंगारातलं सामान जमवून यंत्रं बनवली आणि चिकणमातीवर वजनं ठेवून ती किती दबते ते मोजत बसला.

मावशीला चक्क्यावरून सांगितलं. दही फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवला की आधी वजन पाणीच तोलतं, ते झिरपत जातं तसं दही घट्ट होत बसतं. गाळाचंही तेच, फक्त त्यातून पाणी इतकं सावकाश निघतं की वर्षं जातात, आणि थर दुप्पट जाड असेल तर वेळ दुप्पट नाही, चौपट! हे समीकरण 1923 चं. 1925 ला त्याचं जर्मन पुस्तक आलं आणि सॉइल मेकॅनिक्स, म्हणजे वजनाखाली माती कशी वागते याचं शास्त्र, हा वेगळा विषय झाला. पुढे एमआयटी, व्हिएन्ना, हार्वर्ड इथे शिकवलं. 1963 ला गेला, आणि दोन वर्षांनी कॅनडातल्या त्याच्या एका धरणाला त्याचंच नाव दिलं, तेही दबणाऱ्या मातीवर बांधलेलं.

मला त्याचं सगळ्यात काय आवडतं तर काम सुरू झाल्यावरही जमिनीवर नजर ठेवा, मोजा, गरज पडली तर डिझाइन बदला हा हट्ट. नाहीतर आमच्या एका साइटवर जमीन तपासायला घेतलेल्या बोअरचा रिपोर्ट यायच्या आधीच फूटिंगचं, म्हणजे पायाचं, ड्रॉइंग तयार होतं, जाऊदे.

"मग अजून किती बसणार?" मावशी.

म्हटलं मोजल्याशिवाय कसं सांगू, भिंतीवर जमिनीलगत खूण कर, दर पावसाळ्यानंतर बघू. ती आत गेली आणि लाल नेलपॉलिशची बाटली घेऊन आली.